इंग्रजी शब्दाची ओळख : ‘राँगली’



आपल्या भिंतीवर प्रत्येक अंकात एका इंग्रजी शब्दाची ओळख असते. मागच्या वेळी ‘ऑनेस्ट’ हा शब्द होता आणि त्यातला एच गप्प बसतो हे आपण शिकलो. ह्या वेळी गुरुजींनी मला ‘राँगली’ हा शब्द दिला आहे. ह्यातही एक अक्षर गप्प बसते, आणि ते चक्क पहिलेच आहे. डब्ल्यू, आर, ओ, एन, जी, एल, वाय अशी सात अक्षरे लिहायची, पण बोलताना डब्ल्यू सोडून द्यायचा. लिहिणे ह्या अर्थाचा राइट, मनगट ह्या अर्थाचा रिस्ट, गुंडाळणे ह्या अर्थाचा रॅप, ह्या सगळ्या शब्दांत डब्ल्यू असाच दारात उभा असतो आणि तोंड उघडत नाही. फार पूर्वी इंग्रज लोक तो उच्चारत होते. पुढे उच्चार गेला आणि लिहिण्यात मात्र अक्षर राहून गेले. आपल्या मराठीत असे फारसे होत नाही, ते बरेच आहे. शुद्धलेखन घालताना गुरुजी हा शब्द घालतात तेव्हा निम्मा वर्ग आरपासून सुरुवात करतो.

आता अर्थ बघू. राँग हा शब्द आपल्याला नवीन नाही. माझी आजी शाळेत गेली नाही, पण फोनवर अनोळखी माणूस बोलला की ती ‘राँग नंबर हाय’ म्हणून फोन ठेवते. संकेश्वर-बांदा रस्त्यावर कोणी उलट्या बाजूने गाडी घातली की बाबा म्हणतात, ‘राँग साइडने आला बघ.’ म्हणजे राँग हा शब्द शाळेच्या आधी आपल्या घरात पोहोचला आहे. राँग हे विशेषण आहे. ते नामाच्या आधी येते. राँग नंबर म्हणजे चुकीचा नंबर, राँग आन्सर म्हणजे चुकीचे उत्तर. त्याला शेवटी ‘ली’ लावला की क्रियाविशेषण होते. क्रियाविशेषण म्हणजे क्रिया कशी झाली हे सांगणारा शब्द. आपण मराठीत ‘हळू चालला’, ‘नीट बसला’, ‘प्रामाणिकपणे सांगितले’ असे म्हणतो, त्यातले हळू, नीट, प्रामाणिकपणे हे शब्द क्रियाविशेषण आहेत. इंग्रजीत हे काम पुष्कळ वेळा ‘ली’ करतो. स्लो म्हणजे मंद आणि स्लोली म्हणजे हळूहळू. तसेच राँग म्हणजे चुकीचा आणि राँगली म्हणजे चुकीच्या रीतीने.

पण शेवटी ली दिसला की क्रियाविशेषण, असे डोळे झाकून म्हणू नका. फ्रेंडली ह्या शब्दात ली आहे, तरी ते विशेषण आहे. फ्रेंडली डॉग म्हणजे मायाळू कुत्रा. तेव्हा ली बघून फसू नये, वाक्यात तो कोणाबद्दल सांगतो ते बघावे.

मी शाळेच्या कपाटातल्या शब्दकोशात राँगली शोधला. तिथे चुकीने, गैर रीतीने, अन्यायाने असे अर्थ दिले आहेत. मला वाटले झाले, तीन अर्थ लिहिले की लेख संपला. पण हे तीन अर्थ एकच नाहीत. आणि आपण रोज बोलताना वापरतो तो ‘चुकून’ हा शब्द तर तिन्हींपेक्षा वेगळा आहे. इथेच सगळी गंमत आहे, म्हणून मी तेवढ्यावरच जास्त लिहिणार आहे.

माझ्या आजीच्या आधार कार्डावर तिचे जन्मसाल असे छापून आले होते की कागदावर आजी माझ्या आईपेक्षा लहान झाली. आई तिला दोन दिवस ‘या धाकट्या बाई’ म्हणत होती. पुढे ते दुरुस्त करून घेतले. इथे साल राँगली छापले गेले असे म्हणता येते. ‘द इयर वॉज राँगली प्रिंटेड.’ ह्यात कोणी लबाडी केली नाही. कोणाच्या मनात पाप नव्हते. हात चुकला, आकडा चुकला. इथे आपण मराठीत ‘चुकून छापले’ असेही म्हणतो आणि ते शोभते.

आता दुसरी गोष्ट. ही आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे, म्हणून मी नाव लिहीत नाही. आम्ही तिसरीत होतो. मधल्या सुट्टीनंतर एका मुलीची नवीन कंपासपेटी दिसेना. एक मुलगा सुट्टीत वर्गातच बसून होता, कारण त्याच्या पायाला काटा लागून पाय सुजला होता. झाले. पोरांनी त्याचे नाव घेतले. मी त्याच्या शेजारच्या बाकावर बसते. तो जागेवरून उठला नाही असे मी सांगत होते, पण गलका इतका होता की कोणाला ऐकू गेले नाही. त्याचे दप्तर उपडे केले. दप्तरात दोन वह्या, एक पाटी, पेन्सिलीचा तुकडा आणि भाकरीचा फडका निघाला. कंपासपेटी नव्हती. तरी पोरे म्हणाली की त्याने कुठेतरी लपवली. तो दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी पोषण आहाराच्या ताटांची टोपली घासायला काढली तेव्हा तिच्या तळाशी कंपासपेटी सापडली. त्या मुलीनेच जेवताना ताटाखाली ठेवली होती आणि ताटाबरोबर टोपलीत गेली.

इंग्रजीत ह्याला म्हणतात, ‘ही वॉज राँगली ब्लेम्ड.’ त्याच्यावर राँगली आळ आला. आता ह्याचे मराठी सांगा. तो परत शाळेत आला तेव्हा दोघेतिघे त्याला म्हणाले, ‘चुकून म्हटलं रे.’ मला तेव्हाही हे पटले नव्हते आणि हा लेख लिहिताना का पटले नव्हते ते कळले. चुकून म्हणजे आपल्याला करायचे नव्हते ते हातून झाले. पाय घसरून दुसऱ्याच्या अंगावर पडलो, तर ते चुकून. घाईत दुसऱ्याची चप्पल घालून घरी गेलो, तर ते चुकून. पण त्या दिवशी पोरांची जीभ घसरली नव्हती. त्यांना त्याचेच नाव घ्यायचे होते आणि त्यांनी त्याचेच घेतले. नाव घेणे मुद्दाम होते. फक्त खरे नव्हते. म्हणून ‘चुकून आळ घेतला’ असे भाषांतर केले तर ते बसत नाही. शब्दकोशातला ‘अन्यायाने’ बसतो, पण तो पुस्तकी वाटतो. बरोबर शब्द त्या मुलानेच सांगितला होता. तो म्हणाला, ‘माझं नाव नाहक घेतलं.’

नाहक हा शब्द आपल्याकडे सगळे वापरतात. नाहक मार खाल्ला, नाहक हेलपाटा झाला. गुरुजींनी ह्या शब्दाची फोड करून दाखवली. ना अधिक हक. हक म्हणजे तेच आपले हक्क. हक म्हणजे जे खरे, जे न्यायाचे, ज्याच्यावर आपला अधिकार ते. हा शब्द मूळ अरबी आहे आणि ना हा फारसीतला आहे. दोन्ही मिळून मराठीत असे रुळले की आजीला ते परके आहेत सांगितले तर ती हसली. तर नाहक म्हणजे हक्क नसताना, न्याय नसताना. गैर हा शब्दही अरबीतून आलेला आहे. गैरहजर, गैरसमज, गैरवर्तन, गैरसोय, गैरवापर. नुसते ‘त्यात काय गैर आहे?’ असेही आपण म्हणतो. राँगलीला मराठीत एकच जोडशब्द शोधायला गेलो तर सापडत नाही, पण चुकीने, गैर, नाहक, अन्यायाने एवढे चार जवळ ठेवले आणि वाक्य बघून एक उचलला तर काम होते.

मूळ इंग्रजी शब्दाचीही एक हकिकत आहे. राँग हा शब्द इंग्रजीत उत्तरेकडच्या समुद्रावरून आलेल्या लोकांच्या भाषेतून आला. ते लोक आजच्या नॉर्वे, डेन्मार्क ह्या देशांकडचे. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ वाकडा असा होता. ओले कापड पिळणे ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द रिंग हाही राँगच्याच कुळातला. त्याच्यापुढेही गप्प बसणारा डब्ल्यू आहे. पिळलेले, वाकलेले, ते राँग. हे ऐकून मला फार आश्चर्य वाटले, कारण आपणही नेमके तेच म्हणतो. वाकडे पाऊल पडले. वाकड्या नजरेने बघितले. कोणाच्या वाकड्यात शिरू नये. मी आजीला विचारले, आजी, माणूस वाईट वागला की तू काय म्हणतेस? ती म्हणाली, ‘वाकडं चाललं म्हणायचं की गं. सरळ वाट सोडली म्हंजे वाकडंच की. त्येला काय विंग्रजी लागतंय व्हय?’ हजारो मैलांवरच्या माणसांना आणि माझ्या आजीला वाईट वागणे वाकडेच दिसले.

इथे एक बाजूची गोष्ट सांगते. वाम म्हणजे डावा. त्यावरून वाममार्ग हा शब्द आहे, म्हणजे वाईट मार्ग. डावलणे हा शब्दही डाव्यावरूनच. इंग्रजीत राइट म्हणजे उजवा आणि राइट म्हणजे बरोबर. सगळ्या भाषांनी डाव्या हाताला उगीच वाईट ठरवून ठेवले आहे. आपल्या वर्गात दोघे जण डाव्या हाताने लिहितात आणि त्यातल्या एकीचे अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर आहे. ह्या भित्तिपत्रिकेवरचे मोठे नाव तिनेच काढले आहे. वर बघा. तेव्हा डाव्या हाताने लिहिणे ह्याला राँगली लिहिणे म्हणायचे नाही. राँगली लिहिणे म्हणजे डब्ल्यू विसरणे.

आता हा शब्द वाक्यात कुठे बसवायचा ते सांगते. क्रियापदाच्या भूतकाळी रूपाच्या आधी राँगली येतो. राँगली ब्लेम्ड, राँगली प्रिंटेड, राँगली पनिश्ड. इथे नुसता राँग चालत नाही. ‘राँग ब्लेम्ड’ असे कोणी लिहिले तर ते चूक. पण क्रियापदाच्या मागे यायचे असेल तर बोलताना इंग्रज लोक ली सोडून देतात. ‘यू स्पेल्ट इट राँग’ असे म्हणतात. ‘यू स्पेल्ट इट राँगली’ हेही शुद्धच आहे, पण जरा पुस्तकी वाटते. आणि काही ठिकाणी ली मुळीच लावायचा नाही. काहीतरी बिघडले ह्याला ‘समथिंग वेंट राँग’ म्हणतात, तिथे राँगली लावला तर ऐकणारा हसेल. आणखी एक जोडी पाठ करून ठेवा, ‘राइटली ऑर राँगली’. म्हणजे बरोबर असो की चूक असो. लोकांना ते पटले, राइटली ऑर राँगली. असे म्हटले की बोलणारा स्वतः काही ठरवत नाही, बाजूला राहतो. ही जोडी मोठ्या माणसांच्या भांडणात उपयोगी आहे असे माझे मत आहे.

आपण चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास शिकतो. तिथे हा शब्द लावून बघितला तर इतिहासही जास्त समजतो. आपल्या शेजारच्या गडहिंग्लज तालुक्यात नेसरी आहे. तिथे प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती २४ फेब्रुवारी १६७४ रोजी धारातीर्थी पडले. तिथे स्मारक आहे, आपल्यापैकी काही जण सहलीत जाऊन आले आहेत. प्रतापराव हे स्वराज्याचे सरनौबत, म्हणजे घोडदळाचे मुख्य. त्याच्या आदल्या वर्षी, १६७३ मध्ये, उमराणीजवळ त्यांनी विजापूरचा सरदार बहलोलखान ह्याला गाठले होते. त्याच्या फौजेचे पाणी तोडले. खान हैराण झाला आणि शरण आला. प्रतापरावांना दया आली आणि त्यांनी त्याला जाऊ दिले. खान पुढे परत चालून आला. महाराज रागावले आणि खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका असे त्यांनी कळवले. हे प्रतापरावांच्या मनाला फार लागले. नेसरीच्या खिंडीत खानाची फौज दिसताच ते मागचे सैन्य येण्याची वाट न बघता सहा स्वारांसह तुटून पडले. सातही जण गेले. पुढे ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. तो सोहळा प्रतापरावांना बघायला मिळाला नाही. मध्ये साडेतीन महिनेही नव्हते.

गुरुजींनी वर्गात विचारले, प्रतापरावांनी खानाला राँगली सोडले का? वर्गाचे दोन भाग झाले. एक मुलगा म्हणाला, एवढ्या शूर माणसाला राँगली म्हणायचे नाही. दुसरी मुलगी म्हणाली, शूर असला म्हणून काय झाले, सोडले ते चुकलेच, नाहीतर पुढचे घडलेच नसते. मला वाटते दोघांचेही भांडण शब्दामुळे झाले. राँगली हा शब्द केलेल्या कामाबद्दल बोलतो. करणाऱ्याच्या मनाबद्दल तो काही सांगत नाही. शरण आलेल्याला सोडणे ही दया आहे, त्यात लबाडी नाही, लाच नाही, स्वतःचा फायदा नाही. पण ज्याच्यावर विश्वास ठेवला तो विश्वासाचा नव्हता, म्हणून निर्णय चुकला. तेव्हा राँगली सोडले असे म्हणता येईल आणि प्रतापराव मोठे होते असेही म्हणता येईल. दोन्ही एकाच वाक्यात बसतात. महाराजांनाही तसेच वाटत असावे, कारण १६८० मध्ये त्यांनी आपला मुलगा राजाराम ह्याचे लग्न प्रतापरावांच्या मुलीशी लावले.

त्याच १६७३ सालातली दुसरी गोष्ट मनाच्या चुकीची आहे. १९ मे १६७३ रोजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्या अधिकाऱ्यांना एक पत्र लिहिले. पावसाळ्याच्या तोंडावर घोडदळाची छावणी तिथे पडली होती. दाणा-वैरण जपून वापरा, आताच उधळली तर पुढे मिळणार नाही आणि मग तुम्ही शेतकऱ्यांच्या घरात शिराल, अशी त्यात ताकीद आहे. ज्याला धान्य, गवत, भाजी पाहिजे त्याने बाजारात जाऊन पैसे देऊन घ्यावे, कोणावर जबरदस्ती करू नये, असे सांगितले आहे. दिव्याची पेटती वात उंदीर पळवतील आणि गवताच्या गंजी जळतील इतके बारीक त्यात लिहिले आहे. एवढा मोठा राजा उंदरांचीसुद्धा काळजी करतो हे मला फार आवडले. पण आपला शब्द इथे कसा लागतो ते बघा. शिपायाने शेतकऱ्याच्या परड्यातली भाजी उपटून नेली, तर ती चुकून नाही. त्याला माहीत असते की ही आपली नाही. हक्क नसताना घेतली. अशा वेळी इंग्रजीत राँगलीला एक मोठा भाऊ आहे, त्याचे नाव राँगफुली. राँगली आणि राँगफुली दिसायला सारखे, पण राँगफुली म्हटले की हक्काचा प्रश्न आलाच. आपल्या नाहकच्या अगदी जवळचा शब्द तो.

माझे मामा गडहिंग्लजला एका वकिलांकडे कारकून आहेत. ते म्हणाले, ह्याच शब्दांवर कोर्टात माणसे सुटतात आणि अडकतात. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंडसंहिता केली. त्यात राँगफुल हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थही कायद्यातच लिहून ठेवला होता. बेकायदा मार्गाने, हक्क नसताना एखाद्याने मालमत्ता मिळवली, तर तो राँगफुल लाभ. मराठीत त्याला गैरलाभ म्हणतात. आणि असा लाभ करून घ्यायच्या हेतूने केलेले काम म्हणजे ‘डिसऑनेस्टली’ केलेले काम. म्हणजे मागच्या अंकातला ऑनेस्ट इथे परत भेटला! तो कायदा आता गेला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आहे, पण हे शब्द आणि त्यांचे अर्थ नव्या कायद्यातही तसेच ठेवले आहेत. मामांनी मला सोपे करून सांगितले. बाजारात दोन सारख्या छत्र्या होत्या आणि तू दुसऱ्याची छत्री आपली समजून आणलीस, तर तू राँगली आणलीस, पण डिसऑनेस्टली नाही आणलीस. घरी आल्यावर कळले की आपली नव्हे, मालक कोण तेही कळले, आणि तरी ठेवून घेतलीस, तर तिथून पुढे दुसरा शब्द सुरू होतो. छत्री तीच असते. शब्द मनाप्रमाणे बदलतो.

आता आपल्या आजऱ्याचे एक उदाहरण देते, कारण पालक वाचणार आहेत आणि त्यांच्यातले पुष्कळ जण भात करतात. आपला आजरा घनसाळ हा तांदूळ सुवासिक आहे. शिजायला लागला की शेजारच्या घरापर्यंत वास जातो. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ह्याचा अर्थ असा की आजरा घनसाळ हे नाव आता कोणत्याही तांदळाला लावता येत नाही. ह्या भागातला, त्याच वाणाचा तांदूळ पाहिजे. १९९९ साली ह्यासाठी देशात कायदा झाला आहे आणि खोटे नाव लावले तर शिक्षाही होऊ शकते. दार्जिलिंगच्या चहाला असे मानांकन आहे, तसेच आपल्या कोल्हापुरी गुळाला आहे आणि कोल्हापुरी चपलेला आहे.

समजा एखाद्याने दुसराच तांदूळ पोत्यात भरला आणि वर आजरा घनसाळ लिहिले. ‘द राइस वॉज राँगली नेम्ड.’ पण हे नुसते राँगली सांगून भागते का? पोत्यांची अदलाबदल होऊन लेबल दुसरीकडे लागले, तर ते चुकून. माहीत असून जास्त भावासाठी लावले, तर ती लबाडी. बाबा म्हणाले, गिऱ्हाइकाला दोन्ही वेळी वास न येणारा भातच खावा लागतो. ते खरे आहे. पण त्यात आणखी एक माणूस आहे. ज्याने पावसात कमरेत वाकून रोप लावले, ज्याच्या घनसाळाला इतर वाणांपेक्षा कमी उतारा येतो आणि तरी जो तो वाण सोडत नाही, त्याचे नाव नाहक खराब होते. गिऱ्हाईक म्हणते, हॅ, घनसाळ घनसाळ म्हणतात, ह्यात काही नाही. त्या शेतकऱ्याने काही केलेले नसते. कंपासपेटीच्या मुलासारखेच झाले हे. फरक एवढाच की त्या मुलाला निदान माहीत होते कोणी नाव घेतले. शेतकऱ्याला तेही कळत नाही.

माझ्या आजीला माप भरण्याबद्दल विचारले तर ती दिवसभर बोलेल. तिच्या लहानपणी धान्य पायली, शेर, मापटे असे मापून द्यायचे. माप शिगेने भरायचे की सपाट भरायचे ह्यावर भांडणे व्हायची. घेताना शिगेने आणि देताना सपाट, असे करणारा माणूस गावाला माहीत असे. ‘मापात पाप’ असे म्हणतात ते ह्यालाच. १९५८ पासून आपल्या देशात किलोग्रॅमची वजने सुरू झाली आणि हळूहळू मापटी फडताळात गेली. आमच्या घरी अजून एक मापटे आहे, त्यात आता खिळे ठेवतात. पण आजी म्हणते, ‘काटा बदलला, हात त्योच हाय.’ काट्यावर अंगठा ठेवून वजन करणारा राँगली वजन करतो की डिसऑनेस्टली, हे आता तुम्हीच ठरवा. मला वाटते अंगठा चुकून एकदा पडतो. रोज पडत नाही.

आणखी एक गोष्ट राहिली. पूर्वी आपल्या राज्यात इंग्रजी पाचवीपासून शिकवत. २००० सालापासून ते पहिलीपासून शिकवतात. म्हणून माझ्या बाबांना राँग माहीत आहे पण राँगलीत ते अडतात, आणि मला अजून राँगफुली लिहिताना दोनदा थांबावे लागते. पालकांनो, तुमच्या मुलाने घरी हा शब्द विचारला तर ‘चुकून’ असे एका शब्दात सांगून मोकळे होऊ नका, आधी पूर्ण वाक्य विचारा.

आता सरावासाठी चार वाक्ये देते. प्रत्येकात चुकून, गैर रीतीने, नाहक ह्यांपैकी कोणता शब्द बसतो आणि इंग्रजीत राँगली, राँगफुली की डिसऑनेस्टली येईल ते वहीत लिहा. एका माणसाने दुसऱ्याच्या शेताचा बांध रात्री कोरून आपल्याकडे दोन हात जमीन घेतली. वाटेतल्या पाटीवर आजरा असे लिहून बाण उलट्या बाजूला काढला गेला आणि एसटीच्या ओळखीचे नसलेले पाहुणे आंबोलीकडे गेले. दोन भावांच्या भांडणात मधे पडलेल्या चुलत्यालाच मार बसला. पंचांनी खोखोत बाद नसलेल्या मुलीला बाद दिले, कारण त्यांच्या डोळ्यांत धूळ गेली होती.

चौथ्या वाक्याला दोन उत्तरे निघतात असे आमच्या वर्गातल्या खोखोच्या मुलींचे म्हणणे आहे, कारण पंचांनी धूळ पुसल्यावरही निकाल बदलला नाही. त्या दोन्ही उत्तरांना मी बरोबर धरणार आहे. उत्तरे शनिवारी दप्तराविना शाळा असते तेव्हा फळ्यावर लिहीन. पालकांनी सोडवली तर तीही तपासून मिळतील. बाबांनी सोडवली आहेत आणि बांधाच्या वाक्यापाशी ते बराच वेळ थांबले होते.

(इयत्ता चौथी)